उपडा चमचा

ट्रॉलीचं पुढचं चाक फरशीच्या फुटक्या कडेला अडकलं, धक्का बसला, आणि सर्वांत वरच्या पिवळ्या ट्रेमधली डाळ वाटीच्या काठापर्यंत हिंदकळली. एवढंच झालं. हरिपदने नेहमीप्रमाणे चाकाला लाथ घातली आणि तो ट्रॉली पुढे ढकलणार, तेवढ्यात मी म्हणाले, "थांबा." घट्ट केलेली डाळ हिंदकळत नाही. ती जागच्या जागी थरथरते आणि निवते. आईच्या शेवटच्या महिन्यांत ही थरथर मी घरी इतकी पाहिली आहे की तिच्यात काही चुकलं तर ते मला कुणी सांगावं लागत नाही. वाटीवर आडवा ठेवलेला चमचा उपडा होता, म्हणजे ट्रे तपासलेला होता. मी चमचा उचलला, सुलटा केला, डाळीत बुडवला आणि कलता धरला. डाळ थेंबाथेंबाने खाली पडली. खालचा ट्रे ओढला. तिथेही चमचा उपडा, तिथेही डाळ पाण्यासारखी. ग्लासातलं पाणी तर पाणीच होतं, स्वच्छ, आरपार दिसणारं. स्वयंपाकघरातल्या त्या गोंगाटात, भाताच्या वाफेत आणि एक्झॉस्टच्या घरघरीत, मी तो ग्लास उजेडाकडे धरून पुन्हा पाहिला.

कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या या हॉस्पिटलात मी आहारतज्ज्ञ आहे. ज्यांचं गिळणं पक्षाघातानंतर बिघडतं, त्यांचे ट्रे पिवळे. पाणी, चहा, डाळ, जे जे पातळ ते ते त्यांच्यासाठी एका पांढऱ्या पावडरीने घट्ट करावं लागतं, कारण पातळ पदार्थ त्यांच्या घशात वाट चुकतो आणि फुफ्फुसात उतरतो. पावडर घालायची, ढवळायचं, थोडं थांबायचं, मग चमच्यात घेऊन चमचा कलता करायचा. थेंब पडले तर पुन्हा पावडर. गोळा होऊन सावकाश सरकला तर चमचा पुसून वाटीवर उपडा ठेवायचा. हा नियम कुठे लिहिलेला नाही. आमच्या आधी कुणीतरी सुरू केला आणि तो हातातून हातात आला. हरिपदला घट्ट-पातळ कळायचं कारण नाही, तो फक्त चमचे पाहतो. उपडा चमचा दिसला की ट्रे ट्रॉलीत जातो. पिवळ्या ट्रेंचा कोपरा सुतपादीचा, दी म्हणजे ताई. तिचं स्टूल रिकामं होतं. स्टुलावर तिची शाल होती, ती इथेच कुठेतरी असल्यासारखी, आणि टेबलावर न वापरलेल्या चमच्यांची चळत होती, सगळे उपडे. तेव्हा मला कळलं. पंगतीला पाहुणे येण्याआधी पानं मांडून ठेवावीत तसे तिने सकाळीच सगळ्या पिवळ्या ट्रेंवर चमचे उपडे मांडून ठेवले होते. डाळ वाढणारा डाळ वाढून गेला होता, पाणी भरणारा पाणी भरून गेला होता, आणि मध्ये जे करायचं ते कुणी केलंच नव्हतं.

ती कुठे असेल हे मला माहीत होतं. दुर्गापूजा तोंडावर आलेली, निम्मे लोक रजेवर, वॉर्ड मात्र भरलेले, आणि सुतपादी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर. तिथे मोठी खिडकी आहे, उजेड चांगला पडतो. भर दुपारी, बायका जेवून मोबाइल घेऊन आडव्या होतात त्या वेळी, ती तिथे उभी राहून फेसबुकवर साड्या विकते. तिचं विकणं ऐकण्यासारखं असतं. "ही नेसून मंडपात गेलात, दीदीभाई, तर लोक देवीकडे पाठ करतील," असं ती म्हणते आणि जिन्यावरून जाणारे वॉर्डबॉयसुद्धा क्षणभर थांबतात. मी स्वतः तिच्याकडून एक तांताची, हातमागाची सुती साडी घेतली आहे, राखाडी, बारीक काठाची. आईच्या तेराव्याला तीच नेसले होते.

हेच तर होतं. आई गेली तेव्हा तेरा दिवस सुतपादी माझ्या जागी उभी राहिली होती. स्वतःचा कोपरा सांभाळून माझाही सांभाळला, आणि रजेचा प्रश्न कुणी काढू नये म्हणून माझ्या खोलीतला दिवासुद्धा ती रोज लावून ठेवायची. दर दोन दिवसांनी हावड्याला, आमच्या शिबपूरच्या घरी यायची, फळं घेऊन. बाबांच्या समोर बसायची आणि त्यांना बोलतं करायची. बाबा हावड्याच्या रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होते, त्यांचं सगळं आयुष्य इथे गेलं, त्यांची बांगला माझ्यापेक्षा जुनी आणि चांगली आहे. सुतपादी त्यांना मेशोमशाय म्हणते, मावशीच्या नवऱ्याला म्हणतात तसं, आणि मला म्हणते बॉर्गी. बॉर्गी म्हणजे चौथाई वसूल करायला बंगालवर चालून आलेले मराठे घोडेस्वार, त्यांच्या नावाने इथली पोरं अजून झोपवतात. "बॉर्गी आली वसुलीला," मी स्वयंपाकघरात शिरले की ती ओरडायची. त्या तेरा दिवसांत एकदाही म्हणाली नाही. चौदाव्या दिवशी मी कामावर आले, तिने माझ्याकडे पाहिलं, थोडं थांबली आणि हळूच म्हणाली, "बॉर्गी आली." मी हसले. आई गेल्यानंतरचं ते माझं पहिलं हसू होतं. अशा माणसाला तुझी जागा सोडून जाऊ नको हे कसं सांगायचं? गेले कित्येक आठवडे मी ते सांगितलं नव्हतं. मधुमेहाचे ट्रे भराभर उरकून मी तिच्या कोपऱ्यात जायचे, पावडर घालायचे, चमचे उपडे करायचे. आज वॉर्डातून सारखे फोन होते, मला तिकडे बघायला फुरसत झाली नव्हती.

मी हरिपदला विचारलं, वर गेलं का काही. तो म्हणाला, तिसऱ्या मजल्याची ट्रॉली मघाच गेली. पिवळा होता का त्यात? त्याने आठवून पाहिलं. एक होता. मी त्याला सांगितलं की मी येईपर्यंत इथला एकही पिवळा ट्रे हलता कामा नये, आणि जिन्याकडे पळाले, कारण या वेळी लिफ्ट जेवणाच्या ट्रॉल्यांनी आणि भेटायला आलेल्यांनी अडून बसलेली असते. दुसऱ्या मजल्यावर ती होतीच. खांद्यावर शेंदरी साडी सोडलेली, मोबाइल खिडकीच्या गजाला टेकवलेला. मला पाहून तिने एक बोट वर केलं, एक मिनिट. मी थांबले नाही.

तिसऱ्या मजल्यावर, तो पिवळा ट्रे ज्यांचा होता ते घोषालबाबू खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसले होते. त्यांची मुलगी माझ्याच वयाची असेल. तिच्या हातात ग्लास होता आणि चेहऱ्यावर असं काही, जे मी या वॉर्डात क्वचित पाहते. ती म्हणाली, "आज पाण्यासारखं पाणी दिलंत. बाबा बघा किती खूश झालेत." ते खरंच खूश झाले होते. ओठांचा शाबूत राहिलेला अर्धा भाग हसत होता. मी विचारलं, प्यायले का. एक घोट, ती म्हणाली, थोडा ठसका लागला, पण त्यांना अजून हवंय. मी हात पुढे केला. तिने ग्लास दिला, पण पटकन नाही, दोघींची बोटं क्षणभर त्याच्यावर होती. घोषालबाबूंची नजर ग्लासाबरोबर माझ्याकडे आली, माझ्या हाताशी थांबली, मग त्यांनी डोळे मिटले. मी नर्सला बोलावलं, डॉक्टरांना कळवायला लावलं, छाती तपासून घ्यायला सांगितलं, आणि त्या मुलीला म्हणाले की हा ट्रे चुकून आला. तिने मान हलवली. तिला पटलं. चुकून. हा शब्द किती मऊ आहे, तोंडातून निघून जातो, मागे काही ठेवत नाही. मला त्याची चव मात्र जिभेवर राहिली.

कारण तोच शब्द मी एका माणसासाठी राखून ठेवला होता. पक्षाघातानंतर आईला घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी बाबांना बजावलं होतं, पातळ पाणी अजिबात नाही. मी पहाटे सहाला घर सोडते, नदी ओलांडायला फेरीबोट, मग बस, त्यामुळे दिवसभराचं सगळं बाबांवर. त्यांनी ते कारखान्यातल्यासारखं केलं. सपाट चमचा, घड्याळ, काचेच्या कांडीने ढवळणं. आई चिडायची, हा चहा आहे की खळ, असं वाकड्या जिभेने विचारायची, पण बाबा बधले नाहीत. तरीही तिला सारखा ताप येत राहिला. शेवटच्या वेळी हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं की पाणी दिलंत का कधी, थेंब थेंब फुफ्फुसात गेल्यासारखं दिसतंय. बाबा म्हणाले, छे, एकदाही नाही. ते खोटं बोलत नव्हते. मी शेजारी उभी होते, माझाही त्यावर विश्वास होता. तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी बाबांनी पुन्हा पूजा सुरू केली, आणि माझ्या तळहातावर पळीने तीर्थ सोडताना सहज म्हणाले, "शेवटपर्यंत तिचं तीर्थ चुकू दिलं नाही मी. तू गेल्यावर रोज. तेवढंच समाधान." मी तळहात तसाच धरून उभी राहिले. पळीभर पाणी, त्यात तुळशीचं पान, त्यात घाटावरून आणलेल्या गंगेचा एक थेंब. केमिस्ट असल्यामुळे एकच थेंब, बाकी फिल्टरचं. लग्न झाल्यापासून रोज सकाळी ते तिच्या हातावर तीर्थ घालत आले होते, तिचा हात उचलेना तेव्हा ओठांशी पळी धरत असणार, तो अकाली मृत्यू टळो असं मागणारा श्लोक म्हणत. त्यांच्या लेखी ते पाणी नव्हतंच. तीर्थाला कुणी पाणी म्हणत नाही. आणि आईला ठसका लागत नसे. काही जणांना लागत नाही, आतलं पहारा देणारंच झोपलेलं असतं. लागला असता तर बाबांनी पळी त्याच क्षणी खाली ठेवली असती. मी तळहातावरचं तीर्थ प्यायले आणि हात डोक्यावरून फिरवला. त्यांना काही सांगितलं नाही, आणि सांगणार नाही हे तेव्हाच ठरलं.

घोषालबाबूंकडून खाली आले तेव्हा सुतपादी अजून जिन्यावरच होती. मी सरळ जाऊन तिच्या मोबाइलसमोर उभी राहिले. ती हसून मोबाइलमधल्या बायकांना म्हणाली, "ही बघा आमची बॉर्गी. आली वसुलीला." मग माझा चेहरा पाहिला आणि मोबाइल बंद केला. मी तिला सांगितलं. तिच्या हातातली शेंदरी साडी घडीवरून सुटत पायरीवर गेली.

"प्यायले?"

"एक घोट."

"ठसका लागला?"

"लागला."

"मग बरं," ती म्हणाली आणि खिडकीला टेकली. ती काम चांगलं जाणते, ठसका लागला म्हणजे बरं, हे तिला माहीत आहे. मी विचारलं की चमचे कधी मांडलेस. ती म्हणाली, आल्याआल्या, वेळ वाचतो म्हणून, वाढून झालं की खाली येऊन पावडर घालणारच होते, आजच उशीर झाला. मी म्हणाले, रोजच उशीर होतो. त्यावर ती म्हणाली, "तू असतेस ना. तू आहेस म्हटलं की मला काळजी नसते." ती हे प्रेमाने म्हणाली. तेच मला सर्वांत जास्त लागलं. इतके आठवडे तिच्या ट्रेंवर माझ्या हाताने उपडे केलेले चमचे मला दिसले, एकेक, नीट पुसलेले.

"मी उद्या सकाळी बागची मॅडमना सांगणार आहे," मी म्हणाले. मॅडम आमच्या विभागप्रमुख. "आज त्या नाहीत. तुला आधी सांगते, पाठीमागे नको."

खालून ट्रॉलीची चाकं आणि हरिपदचा आवाज येत होता, तो कुणाला तरी सांगत होता की मधुदी आल्याशिवाय पिवळं हलणार नाही. सुतपादी वाकली, साडी उचलली, पायरीची धूळ झटकली आणि पोटाशी धरून घडी घालू लागली. तिचं कॉन्ट्रॅक्ट पूजेनंतर संपत होतं, आणि एकदा ताकीद मिळालेली होती. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या.

"तुझी आई गेली तेव्हा तेरा दिवस मी तुझ्या जागी उभी होते."

"हो."

"एकही ट्रे चुकला नाही तुझा."

"माहीत आहे, सुतपादी."

"आणि तरी?"

"तरी."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग साडी काखेत घेऊन माझ्याआधी खाली उतरली, आणि त्या दुपारी आम्ही दोघींनी शेजारी शेजारी उभ्या राहून सगळे पिवळे ट्रे पुन्हा केले. घोषालबाबूंची छाती ठीक असल्याचा फोन वरून आला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले, एवढंच मी पाहिलं.

संध्याकाळी फेरीबोटीत नेहमीची गर्दी होती. मी कठड्याशी उभी राहिले. हावड्याच्या बाजूला उजेड पिवळा होऊन पाण्यावर पडला होता, गढूळ, दाट, जणू नदीतही कुणी पावडर घातली असावी. ऋण म्हणजे नेमकं काय, हे मी मनाशी जुळवून पाहत होते. तिने जे दिलं ते मला हवं होतं आणि मी घेतलं. ते परत कसं करायचं हे ठरवायचा हक्क कुणाचा? तिचा असेल तर मी गप्प बसायला हवं. पण मग ते पाणी तिच्या किंवा माझ्या घशात जात नाही, ते घोषालबाबूंच्या घशात जातं. दुसऱ्याच्या गळ्यातून मी माझं ऋण फेडणार होते. इथवर येऊन विचार थांबायचा, आणि शेंदरी साडीची घडी घालणारे तिचे हात दिसायचे.

घरी बाबा देवापुढे दिव्याची वात करत होते. म्हणाले, "सुतपाचा फोन आला होता. माझे गुडघे कसे आहेत विचारत होती." मी विचारलं, आणखी काही. "काही नाही. तू पोचलीस का म्हणाली. लाखात एक मुलगी आहे ती." म्हणजे तिने त्यांना काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सोपं झालं असतं, मला थोडं रागावता आलं असतं. मी चहा टाकायला आत गेले. चहाच्या डब्याशेजारी आईच्या पावडरीचा डबा अजून आहे, अर्धा भरलेला. बाबा तो टाकू देत नाहीत. आतूनच मी त्यांना दुपारची हकीकत सांगितली, कुणाचं नाव न घेता. कुणीतरी पावडर न घालताच ट्रे वर जाऊ दिले, असं. बाबा वात सोडून दारात येऊन उभे राहिले.

"एवढं साधं काम," ते म्हणाले. "सपाट चमचा घ्यायचा, ढवळायचं, थांबायचं. मी म्हातारा माणूस, मी केलं. एकदाही चुकलो नाही." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही बाबा," मी म्हणाले. "एकदाही नाही."

त्यांनी मान डोलावली. डब्याचं झाकण नीट बसलंय का ते बोटाने दाबून पाहिलं. "वर सांगितलंस का?"

"उद्या सांगणार आहे."

"सांगायलाच हवं. असल्या गोष्टी पोटात घालू नयेत, मधू. कुणाचं तरी माणूस असतं ते."

चहा उतू आला. मी गॅस बंद केला आणि गाळणी शोधत राहिले, ती समोरच होती. माझ्या पोटात जे आहे ते तिथेच राहील. आईच्या बाबतीत आता थांबवण्यासारखं काही उरलेलं नाही, फक्त एक म्हातारा माणूस आहे, ज्याला समाधान आहे. पण ते ठेवायला सगळी जागा लागते. दुसरं काही तिथे मावणार नाही, सुतपादीचंही नाही. हे उघड होतं. गाळणी घेऊन मी दोन कपांत चहा गाळला.

सकाळी निघताना पाहिलं तर बाबांची पूजा झालेली. तुला आज कठीण दिवस आहे, म्हणाले, तीर्थ घेऊन जा. मी तळहात पुढे केला. पळीतून पाणी पडलं, बोटांच्या फटीतून थोडं निसटलं, उरलेलं मी प्यायले. किती पातळ असतं ते, किती पटकन जातं.

बागची मॅडमच्या दाराशी सुतपादी आधीच उभी होती. तिने मला पाहिलं आणि बाजूला झाली, मी आधी आत जावं म्हणून. मी म्हणाले, "मॅडम, काल तिसऱ्या मजल्यावर पातळ पाणी गेलं. चमचे आधीच उपडे करून ठेवले होते, तपासलेलं काहीच नव्हतं." चुकून हा शब्द मी वापरला नाही. हे बरेच दिवस चाललंय आणि मी तिचे ट्रे करत आले, तेही सांगितलं. मॅडमनी सुतपादीकडे पाहिलं. ती म्हणाली, "खरं आहे." तिला पिवळ्या कोपऱ्यावरून काढलं. कॉन्ट्रॅक्टचं पूजेनंतर बघू, म्हणाल्या, आणि ते कशा म्हणाल्या त्यावरून आम्हा दोघींनाही काय ते कळलं. बाहेर आल्यावर मी तिच्या हाताला हात लावला. तिने तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

दुपारी मी तिच्या स्टुलावर बसले. चमचे सगळे सुलटे करून घेतले. ती पलीकडच्या टोकाला रुग्णांच्या पोळ्या गुंडाळत होती, पाठ माझ्याकडे. हरिपदने ट्रॉली आणली तशी ती मागे न वळता मोठ्याने म्हणाली, "सांभाळून रे हरिपद. आता बॉर्गीचं राज्य आहे." कुणी हसलं नाही. वॉर्डातून फोन वाजत होता, तिसऱ्या मजल्यावरून विचारत होते, जेवण कुठे आहे. हरिपदने ट्रॉलीच्या दांडीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"थांबा," मी म्हणाले.

मी पावडर घातली, ढवळलं, वाट पाहिली. चमचा भरून कलता धरला. डाळ कडेला आली, तिथे जरा रेंगाळली, मग एक गोळा होऊन सावकाश सरकली. मी चमचा पुसला, उपडा ठेवला, आणि पुढची वाटी ओढली.